एका गुंठ्यात दोन कोटी

गाजर गवताच्या एका झाडावर सरासरी 62 कोटी परागकण तयार होतात. 2011च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या 58 लाख होती. एवढ्या सगळ्यांत वाटले तरी त्या एकाच झाडाचे शंभरावर कण प्रत्येकाच्या वाट्याला येतात. आणि उसाच्या बांधावर ते एकटं कधीच नसतं.

बियांचा हिशेब तर छातीत धडकी भरवणारा आहे. बारक्याशा फुलात बिया पाचच, पण फुलंच इतकी की एका झाडाखाली पंधरा-वीस हजार बी सहज पडतं. बंगळूरच्या पडीक जमिनीत चौरस मीटरला 2 लाख बिया असल्याचा अंदाज निघाला होता. हे प्रमाण आपल्या एका गुंठ्याला लावलं तर आकडा जातो 2 कोटींवर! मूळच्या मेक्सिकोकडच्या या तणाची भारतात पहिली नोंद झाली पुण्यात, 1950च्या दशकात.

त्वचेचं दुखणं जडायला मात्र कोटी लागत नाहीत. पानाखोडावरच्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं, वाळलेल्या भुग्यातही ते टिकतं. ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं. कित्येक हंगाम काहीच होत नाही. मग कधीतरी शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याला शत्रू ठरवतात आणि ते वैर वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्यानंतर गवताला हातही लावावा लागत नाही. वाऱ्यावरच्या धुळीने पापण्या सुजतात. मान आणि कोपराच्या घड्या खाजून खाजून जाड, काळ्या पडतात. काहींना पुढे ऊनही सोसत नाही, तर काहींना गाजर गवताच्याच कुळातली शेवंती. त्वचारोगतज्ज्ञ लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी 1974 मध्ये या रोगावर सविस्तर लिहिलं. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तरी तो जडलेल्या बाईचं ताट वेगळं काढणारी घरं आहेत, याचा राग येतो.

भांगलणीवर पोट असलेल्या बाईला ‘गवतापासून लांब राहा’ एवढंच सांगून भागत नाही. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा शेतमालकाने द्यायला हवा. शिवाय गवत फुलावर येण्याआधीच, मुळासकट उपटायला हवं. उगवल्यापासून फुलायला त्याला महिना-दीड महिना पुरतो, आणि नुसतं कापलं तर बुडख्यातून ते पुन्हा फुटतं.