संशय कागदावर मांडा, माणसावर नको

३ जून २०१४ ची सकाळ बीड जिल्हा विसरलेला नाही. गोपीनाथराव मुंडे यांना केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. जिल्ह्यात त्यांच्या सत्काराची तयारी चालली होती. त्यासाठीच ते सकाळी दिल्लीच्या विमानतळाकडे निघाले आणि वाटेत त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने धडक दिली. थोड्याच वेळात एम्समधून निधनाची बातमी आली. दुसऱ्या दिवशी परळीत वैद्यनाथ साखर कारखान्याच्या आवारात अंत्यसंस्कार झाले, तेव्हा दुःखाचा संताप झाला. पुढाऱ्यांच्या गाड्या अडविल्या गेल्या, दगड पडले, सीबीआय चौकशीच्या घोषणा झाल्या. वडिलांच्या चितेला अग्नी देणाऱ्या पंकजाताईंनाच लोकांना शांत राहण्याची विनवणी करावी लागली.

लोकांचे प्रश्न साधे होते. पुढे बसलेले बचावले, मग मागे बसलेले साहेबच कसे गेले? अंगावर मोठी जखम दिसत नाही, मग मरण आले कशाने? ऊसतोड मजुरांचा नेता दिल्लीत मंत्री होतो आणि आठ दिवसांत जातो, हे मनाला पटत नव्हते. असे विचारणाऱ्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. ज्यांना आयुष्यभर वरून खरे सांगितले गेले नाही, ते वरून आलेल्या बातमीवर चटकन विश्वास ठेवत नाहीत.

उत्तर शवविच्छेदनात मिळाले. यकृताला इजा होऊन पोटात रक्तस्राव झाला होता, मानेच्या मणक्यालाही मार लागला होता. धडकेने मोटार थांबते, पण पट्टा न बांधलेले शरीर थांबत नाही. ते आतल्या आत आदळते. वरून ओरखडा नसला तरी आतला अवयव फाटतो. साहेब मागच्या आसनावर पट्टा न लावता बसले होते. पट्टा असता तर जीव वाचू शकला असता, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनीही सांगितले. लोकांच्या मागणीप्रमाणे सीबीआयने तपास केला. घातपात आढळला नाही. दुसऱ्या मोटारीच्या चालकावर निष्काळजीपणाचे आरोपपत्र दाखल झाले.

तरी कुजबुज थांबली नाही. मुंडे यांचे मेहुणे प्रमोद महाजन ३ मे २००६ ला गेले आणि मुंडे ३ जूनला, म्हणून कुणी ३ आकड्याला दोष दिला. जानेवारी २०१९ मध्ये तर लंडनच्या पत्रकार परिषदेत पडद्यावर तोंड झाकून बोलणाऱ्या एका माणसाने सांगितले की, मतदान यंत्रांचे गुपित माहीत होते म्हणून मुंडे यांना मारले. पुतणे धनंजय मुंडे यांनी नव्या चौकशीची मागणी केली. त्या माणसाने पुरावा मात्र एकही दिला नाही. निवडणूक आयोगाने उलट त्याच्याविरुद्धच पोलिसांकडे तक्रार केली.

वाचक बंधू-भगिनींनो, यावर हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकावले पाहिजे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत झोपेतच गेले. त्यांचा मधुमेह जुना होता, शरीर पार थकले होते. पण पोरका झालेला समाज ते मानायला तयार नव्हता. बोट उठले ते माईसाहेबांकडे, कारण त्या ब्राह्मण घरात जन्मल्या होत्या, डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांच्या औषधपाण्याचे त्याच पाहत होत्या. खासदारांनी चौकशी मागितली आणि ती झाली. मृत्यू नैसर्गिक होता, असे गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी १९५७ मध्ये लोकसभेत सांगितले. पण आपण ऐकले का? ज्या बाईने आजारी बाबासाहेबांची साडेआठ वर्षे सेवा केली, तिला आपण वर्षानुवर्षे समाजाबाहेर ठेवले. पुढे दलित पँथरच्या कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणले. २९ मे २००३ ला त्या गेल्या. दुखावलेल्या मनाने केलेला तो अन्याय होता, आणि आपल्या हातून झाला होता, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

मग संशय घ्यायचाच नाही का? घ्यायचा, जरूर घ्यायचा. शेजारचे परभणी पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आपला एक तरुण, कायद्याचा विद्यार्थी, पोलिसांनी धरला आणि कोठडीत मेला. छातीत दुखून गेला, असे सांगितले गेले. पण शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमा पुढे आल्या. आईने तो कागद हाती धरला, वकील उभे राहिले, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला लावला. सर्वोच्च न्यायालयातही तो आदेश टिकला. तिथे संशय खोटा नव्हता, आणि तो खोटा नाही हे कागदानेच दाखवून दिले.

मंत्री गेला की सीबीआय आठवड्यात येते. आपल्या वस्तीतला माणूस गेला की आपल्यालाच उभे राहावे लागते. म्हणून घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना एवढे शिकवा: शवविच्छेदन अहवालाची प्रत मागायची, पंचनामा वाचल्याशिवाय सही करायची नाही, अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. चौकात ऐकलेले, मोबाईलवर आलेले, मोठ्या माणसाने सांगितलेले आहे म्हणून खरे मानू नका, स्वतः पडताळून पाहा, ही तर तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे.

आणि मोटारीत मागे बसलात तरी पट्टा बांधा. बीडने एवढा मोठा माणूस गमावून शिकलेला हा धडा आहे, तो कुजबुजीत हरवू देऊ नका.