कंप्रेसरची हवा जाते कुठे?

आपल्या पेण भागात गणपतीच्या आधीचे महिने म्हणजे घरोघरी रंगकाम आणि पडवीत कंप्रेसरची धडधड. आमच्या गटाचा कंप्रेसर २ हॉर्सपॉवरचा. गेल्या हंगामात तो पुरेना. बायका म्हणाल्या, "ताई, मोठा घेऊया." कर्जाचा ठरावही वहीत लिहून झाला.

एका दुपारी सगळ्या जेवायला बसलो होतो. गन खुंटीला टांगलेल्या, तरी मोटर दर १० मिनिटांतली २ मिनिटं चालत होती. कोणी वापरत नाही, मग हवा जाते कुठे? रंगकाम चालू असतानाही ती जातच असते, फक्त आवाजात कळत नाही.

हिशेब बघा. २ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण दीड किलोवॅट. तासाला १२ मिनिटं फुकट चालली की ०.३ युनिट. रोजचे ८ तास धरले, तर २५ दिवसांत ६० युनिटं. त्यात सारखी चालून मोटर तापते, गरम हवेबरोबर वाफ पाईपात जाते आणि पाण्याचा थेंब नेमका मूर्तीच्या गालावर उडतो. ते पुन्हा रंगवण्याची मजुरी कोण देणार?

गळती शोधायला टाकी पूर्ण भरा, स्विच बंद करून प्लग काढा आणि टाकीचा कॉक बंद करा. काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. अर्ध्या तासाने काटा उतरला असेल, तर गळती टाकीच्या बाजूला आहे. जागेवर असेल, तर पाईप, कपलर नाहीतर गनमध्ये. मग कॉक उघडून भांड्याच्या साबणाचं पाणी जुन्या ब्रशने प्रत्येक जोडाला लावा. फुगे येतील तिथे खूण करा. मोटरवर आणि प्रेशर स्विचवर मात्र पाणी नको.

आता दुरुस्ती. आधी सगळी हवा सोडून काटा शून्यावर आणायचा, मगच पाना हातात घ्यायचा. पाईपाचं टोक चिरलं असेल तर तेवढं कापून नवीन क्लिप लावा. आट्यांचा जोड गळत असेल तर जुनी टेफ्लॉन टेप काढून नवी गुंडाळा, घट्ट करताना जोड फिरतो त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर सुटून येते. कपलरमधली रबरी रिंग बदलता येते.

एक गोष्ट बऱ्याच जणींना फसवते. मोटर थांबताना स्विचखालून 'फुस्स' होतं, ते बरोबर आहे. पण ते थांबलंच नाही, तर टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. आम्ही उगाच स्विच बदलणार होतो! व्हॉल्व्ह उघडला तर आत गंजाचा कण अडकलेला. पुसून बसवला.

टाकीच्या पत्र्यातूनच फुगे आले तर मात्र एम-सील नको, वेल्डिंगही नको. आतून गंजलेली टाकी फुटू शकते, ती वापरातून काढा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर बंद करून टाकू नका, तेवढ्याच प्रेशरचा नवीन बसवा. आणि रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून टाकीतलं पाणी काढा, म्हणजे गंज कमी धरतो.

आमच्याकडे चार गळत्या निघाल्या. आता जेवणाच्या सुट्टीत मोटर गप्प असते. कर्जाचा ठराव वहीत आहे, त्याच्यावर सह्या झालेल्या नाहीत.