फुकटचा पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉपमधला एसएसडी
साठवणुकीची गोष्ट : भाग ६

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं की तासाभरात श्रीपेरुंबुदूर येतं. रामानुजाचार्यांचं जन्मगाव. राजीव गांधींची हत्या १९९१ मध्ये झाली तीही इथेच. आज गावाभोवती कारखान्यांचा वेढा आहे आणि त्यांत डेलचाही एक आहे. २००७ पासून तिथे संगणक जोडले जातात.

मागच्या भागात हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकड्या पाहिल्या. आजचा विषय न फिरणारी साठवण, म्हणजे फ्लॅश. २००३ मध्ये याच डेलने काही डेस्कटॉपांतून फ्लॉपी ड्राइव्ह काढला आणि पर्याय म्हणून यूएसबी ड्राइव्ह, म्हणजे पेन ड्राइव्ह, पुढे केला. २००७ मध्ये डेलच्या लॅटिट्यूड लॅपटॉपात हार्ड डिस्कच्या जागी फ्लॅशचा ड्राइव्ह, म्हणजे ३२ जीबीचा एसएसडी, मिळू लागला, तो ५४९ डॉलर जादा मोजून! पुढे पेन ड्राइव्ह इतके स्वस्त झाले की परिषदांत आणि प्रदर्शनांत कंपन्या आपलं नाव छापून ते फुकट वाटू लागल्या.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडी, दोन्हींच्या पोटात चिप एकाच जातीची असते. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश जगापुढे मांडली, तिचाच नँड हा प्रकार १९८७ मध्ये आला. चिपमधल्या प्रत्येक घरात चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेली एक जागा असते. विद्युतदाब देऊन तिथे इलेक्ट्रॉन कोंडायचे, ही झाली नोंद. वीज गेली तरी ते आतच राहतात. पण दर वेळी पुसताना आणि लिहिताना तो थर थोडा झिजतो.

एका घरात एकच बिट ठेवला तर माठात पाणी आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. चार बिट कोंबले की सोळा पातळ्यांपैकी नेमकी कुठली, हे ओळखावं लागतं. आणि माठ तर पाझरणारा. म्हणून एका बिटाचं घर साधारण लाखभर वेळा लिहून घेतं, चार बिटांचं हजाराच्या आसपास.

एवढी हलकी घरं एसएसडीत चालतात, ती कंट्रोलर नावाच्या चिपमुळे. झीज सगळ्या घरांवर सारखी वाटणं, चुकलेले बिट गणिताने दुरुस्त करणं, खराब जागा बाजूला काढून राखीव जागा वापरात आणणं हे सगळं ती करते. फुकट वाटायच्या ड्राइव्हमध्ये कंट्रोलर अगदी साधा असतो आणि फ्लॅशही बऱ्याचदा वरच्या प्रतीच्या चाचणीत न उतरलेली. काही नकली ड्राइव्ह तर ६४ जीबी सांगतात आणि आत आठच असतात. फाइल चढल्यासारखी दिसते, उघडायला गेलं की नसते.

शिवाय आत आधीच काही भरलेलं असेल तर? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात भरलेल्या संगणक-सुरक्षेच्याच परिषदेत आयबीएमने वाटलेल्या ड्राइव्हमध्ये व्हायरस निघाले. तैवानमध्ये पोलिसांनी सायबर सुरक्षेच्या प्रश्नमंजूषेत बक्षीस म्हणून दिलेल्या २५० पैकी ५४ ड्राइव्ह बाधित होते. विषय पाहता दोन्ही प्रसंग जरा जास्तच बोलके आहेत.

फ्लॅशची पुढची वाट उंचीची आहे. घरं आणखी बारीक करणं परवडेना, तेव्हा ती मजल्यांवर मजले चढवून रचायला सुरुवात झाली. २०१३ मध्ये सॅमसंगने २४ थरांची चिप आणली, आता थर तीनशेच्या पुढे गेलेत. ही चिप भारतात अजून घडवली जात नाही. मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीचा साणंदचा प्रकल्पही जुळणी आणि चाचणीचा आहे. श्रीपेरुंबुदूरला जोडल्या जाणाऱ्या यंत्रातली फ्लॅशची मूळ चिप बाहेरच घडते.

आणि उष्णतेचं काय? इलेक्ट्रॉन उन्हाळ्यात लवकर निसटतात. जेडेक या मानक संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा अशी, की लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावरही ३० अंश तापमानात, विजेशिवाय, माहिती वर्षभर टिकावी. मे महिन्यात चेन्नईकडचा पारा त्याच्या बराच वर असतो. तेव्हा लग्नाचे फोटो फुकटच्या ड्राइव्हवर घालून कपाटात ठेवले असतील, तर ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या. वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहणाऱ्या माहितीसाठी मोठ्या संस्था अजूनही चुंबकीय टेपच वापरतात. पुढचा भाग तिच्यावर.