गंज किती, यापेक्षा गंज कुठे?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी ही महाराष्ट्रातील कितीतरी घरांतली पहिली मोटार. तिचे उत्पादन थांबून सुमारे दोन तपे झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. तरीही काही अंगणांत ती अजून उभी आहे. इंजिन चालते, पण मडगार्डला भोके पडली आहेत, दारांच्या कडा पोखरल्या आहेत. गॅरेजवाला सांगतो, "भंगारात काढा." घरातली मोठी माणसे म्हणतात, "लांबी भरून रंग मारू, आणखी पाच वर्षे जाईल." यांपैकी कोणाचे खरे? मायेचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण या पत्र्याच्या भरवशावर गाडीत माणसे बसवावीत का, या प्रश्नाचे उत्तर मात्र शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या आधारे शोधता येते.

पाण्याचा एक थेंब

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण मुलांना शिकवतोच. त्यावरून असे वाटते, की जिथे ऑक्सिजन जास्त, तिथेच लोखंड जास्त झिजत असेल. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हे एका साध्या प्रयोगाने दाखवले. तो वर्गातही करता येईल. जस्ताचा मुलामा नसलेला लोखंडी पत्रा पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करा. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशिअम फेरिसायनाइड यांच्या द्रावणांचे काही थेंब मिसळा आणि या मिश्रणाचा एक मोठा थेंब पत्र्यावर ठेवा. काही वेळाने थेंबाची कड गुलाबी होते, मध्यभाग निळा.

निळा रंग म्हणजे तिथे लोखंडाचे आयन पाण्यात उतरत आहेत. गुलाबी रंग म्हणजे तिथे पाणी अल्कधर्मी झाले आहे. थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. तांबडा गंज साचतो तो या दोहोंच्या मधल्या भागात. म्हणजे थेंबाखाली एक छोटासा विद्युतघटच काम करत असतो. मिठामुळे पाण्यातून विद्युतवहन सुलभ होते, म्हणून कोकणपट्टीतली गाडी लवकर गंजते.

आता थेंब सोडून गाडीकडे पाहू. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडलेली फट, चिखल साचलेला कोपरा, फुगलेल्या रंगाखालची जागा, ही सगळी ओल टिकणारी पण ऑक्सिजन कमी पोचणारी ठिकाणे. लोखंड झिजते ते तिथे. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या सुमारे तिप्पट असते, म्हणून तो पत्रे फाकवतो, रंगाला फोड आणतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला, तर आतले नुकसान तळहाताएवढे असू शकते.

खोक्याची ताकद

जुन्या जीपला खाली जाड लोखंडी सांगाडा असतो, वरचा पत्रा केवळ आवरण. पद्मिनीला असा वेगळा सांगाडा नाही. जमीन, दाराखालची पेटीसारखी लांब पट्टी, खांब, छत असे सारे पत्रे जोडून झालेले खोके हाच तिचा सांगाडा. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. बळ येते ते त्याला दिलेल्या बंद पेटीच्या आकारामुळे.

टूथपेस्टचे रिकामे खोके घ्या, दोन्ही तोंडे चिकटवून बंद करा आणि पिळून पाहा. ते चांगलाच विरोध करते. आता एका लांब कडेवर टोकापासून टोकापर्यंत ब्लेडने चीर द्या आणि पुन्हा पिळा. कागद तेवढाच आहे, एक कणही कमी झालेला नाही, पण खोके लुळे पडते. धातूच्या पातळ पेटीत हा फरक शेकडो पटींचा असू शकतो. फटीतला गंज दाराखालच्या पेटीला नेमकी अशीच चीर देतो. जाडीचाही हिशेब आहे. दाबाखाली सपाट पत्रा वाकून दुमडण्याचा भार जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली, की तो भार एक-अष्टमांश उरतो. अपघातात हीच पेटी प्रवाशांभोवतीची जागा राखत असते.

तपासणी आणि निर्णय

मडगार्ड, बॉनेट, डिकीचे झाकण यांना भोके पडली असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. ते भाग बदलता येतात. लक्ष द्यायचे ते दाराखालच्या पेट्या, जमिनीच्या कडा, मागच्या पाट्यांचे गाडीला जोडलेले टोक आणि पुढच्या चाकांचे आधार यांच्याकडे. तिथे लोहचुंबक फिरवा. चुंबक चिकटला नाही, तर तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. लहान हातोडीने ठोका. शाबूत पत्रा खणखणतो, कुजलेला बद आवाज करतो. संशयास्पद जागी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. दार उघडताच ते खाली येत असेल आणि उचलल्याशिवाय लागत नसेल, तर आधी बिजागरी तपासा. ती ठीक असेल, तर गाडीच मधून वाकू लागली आहे असे समजावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

भार पेलणाऱ्या भागात गंज एखाद-दुसऱ्या जागी असेल, तर कुजका पत्रा कापून तितक्याच जाडीचा नवा पत्रा पूर्ण वेल्डिंगने बसवता येतो. त्यासाठी भोवतालचा पत्रा शाबूत हवा, नाहीतर वेल्डिंग धरायला जागाच उरत नाही. लांबी भरणे ही दुरुस्ती नव्हे. लांबी भार पेलत नाही आणि तिच्यामागे ओल अडकून राहते. दोन्ही बाजूंच्या पेट्या, जमीन आणि पाट्यांचे आधार हे सारेच पोखरले असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. रंग कितीही चकचकीत असला तरी.

भंगार म्हणजे सर्वनाश नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, दिवे यांवर दुसरी एखादी शाबूत पद्मिनी चालू राहू शकते, आणि उरलेले पोलाद वितळून पुन्हा पोलादच होते. गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, तिथले प्रमाणपत्र घ्यावे आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी.

ज्यांची गाडी या तपासणीत उतरेल, त्यांनी ती प्लास्टिकच्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवू नये. आतली ओल बाहेर पडत नाही आणि थेंबाचा प्रयोग तिथे वर्षभर चालू राहतो. वर छप्पर आणि चारही बाजूंनी खेळती हवा, एवढे तिला पुरते.