दूरचित्रवाणीचा आरंभकाळ आणि नाट्यलेखनावरील बंधने

अभ्यवेक्षण म्हटले की शासनाचे निर्बंध डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात मात्र नाट्यलेखकावर विशेष अंमल चालला तो जाहिरातदाराचा. कार्यक्रमाचा खर्च व्यापारी संस्था उचलीत असत; कोणताही ग्राहक दुखावला जाऊ नये, याच दृष्टीने त्या संहिता पाहत. या बंधनाचे दोन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार शब्दाचा. १६ एप्रिल १९५९ रोजी सीबीएसच्या ‘प्लेहाऊस ९०’ या मालेत ॲबी मान यांचे ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हे नाटक सादर झाले. नाझी राजवटीतील न्यायाधीशांवरील खटला हा त्याचा विषय. प्रायोजकांत इंधन-वायूच्या व्यावसायिकांची संघटना होती. म्हणून मृत्युकोठड्यांच्या उल्लेखातील ‘गॅस’ हा शब्द प्रक्षेपणात मूक करण्यात आला. नटांचे ओठ हलले, शब्द उमटला नाही. संहाराचे साधन सांगणारा शब्दच गळाला.

दुसरा प्रकार आशयाचा. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. या घटनेवरून रॉड सर्लिंग यांना ‘नून ऑन डूम्सडे’ (१९५६) हे नाटक सुचले. प्रक्षेपणापर्यंत त्यातील मृत व्यक्ती कोणी अनामिक परदेशी झाली व घटनास्थळ ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये हलले. दक्षिणेची आठवण होईल म्हणून कोका-कोलाच्या बाटल्याही दृश्यातून काढण्यात आल्या. १९५८ मध्ये ‘ए टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ या नाटकात त्यांनी हाच विषय पुन्हा हाताळला. तेव्हा बळी मेक्सिकन ठरला आणि काळ एकोणिसाव्या शतकात गेला.

२ ऑक्टोबर १९५९ पासून सर्लिंग यांनी ‘द ट्वायलाइट झोन’ ही अद्भुत कथांची माला आरंभिली. तिच्या १९६० मधील एका भागात गल्लीतील वीज जाते आणि शेजारी परस्परांना परग्रहवासी समजून एकमेकांच्या जिवावर उठतात. द्वेषाचे हे चित्र कोणाही जाहिरातदारास खुपले नाही. कारण त्यात कोणाचे नाव नव्हते.

यावरून बंधनामुळेच प्रतिभा फुलते, असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. रूपकाने सामान्यनामांचे सत्य सांगता येते. एमेट टिल हे विशेषनाम आहे. त्याची जागा कोणतेही रूपक घेऊ शकत नाही.