लोकमान्य म्हणजे कोणाला मान्य?

ठाणे किंवा डोंबिवली स्टेशनाबाहेर पडले की फलकांवरचे ‘लोकप्रिय’ हे विशेषण डोळ्यांत भरते. ‘लोकमान्य’ मात्र सहसा कोणी आपल्या नावामागे लावून घेत नाही. हा संकोच कशाचा?

‘लोकांनी मान्य केलेला तो लोकमान्य’, असा हा सरळ तत्पुरुष समास. गंमत आहे ती ‘मान्य’ या पदात. संस्कृतात ‘मन्’ म्हणजे विचार करणे, समजणे. मान आणि मत हे दोन्ही शब्द त्याच धातूचे. संस्कृतातला ‘मान्य’ म्हणजे मानास योग्य. मराठीत आपण ‘तुमचे म्हणणे मला मान्य’ म्हणतो, तेव्हा आदर बाजूला राहून संमती तेवढी उरते. त्यामुळे ‘लोकमान्य’ म्हणताना मराठी कानाला मान आणि संमती दोन्ही ऐकू येतात. लोकप्रियतेला संमती लागत नाही. आवडत्या माणसाचे सगळे आपल्याला पटतेच असे थोडेच आहे!

या शब्दाचा खरा जोडीदार ‘राजमान्य’. जुन्या पत्रांवर नावाआधी ‘रा. रा.’ असते, म्हणजे राजमान्य राजश्री. ज्याला राजाने उभ्या जन्मात पाहिले नाही त्यालाही हे लावीत. प्रतिष्ठेचा उगम दरबारात, ही समजूत त्या दोन अक्षरांत गोठलेली आहे. इंग्रजी अमदानीत रावसाहेब, रावबहादूर आले. दरबार बदलला, उगम तोच. लोकांनी पदवी देण्याची रीत त्याच काळात रुजली. १८८८ साली मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीराव फुल्यांचा सत्कार झाला, तेथे त्यांना ‘महात्मा’ म्हटले गेले. टिळकांच्या बाबतीत तर दोन दरबारांचे निकाल उघडच परस्परविरुद्ध गेले. सरकारने त्यांना राजद्रोहासाठी १८९७ साली अठरा महिन्यांची आणि १९०८ साली सहा वर्षांची सजा दिली. त्या दुसऱ्या सजेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. यात टाळी नव्हती, बुडालेली मजुरी होती.

तरीही या ‘लोकां’त कोण कोण धरायचे, हा प्रश्न राहतोच. ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून विरोधकांनी टिळकांना हिणवले, आणि ते हिणवणेच त्यांचे भूषण ठरले. पण पुढे अथणीच्या सभेत खुद्द टिळकांनीच, तेल्या-तांबोळ्यांना आणि कुणब्यांना कायदेमंडळात जाऊन काय करावयाचे आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ब्राह्मणेतर चळवळीने ते विसरले नाहीत, आणि का विसरावे? ज्यांच्या मान्यतेवर पदवी उभी, त्यांनाच दारात अडवले होते.

शब्द मात्र टिळकांपाशीच राहिला. ठाण्यात लोकमान्य नगर आहे. तेथे जाणाऱ्या बसच्या पाटीवर पुढे ‘टिळक’ लिहावे लागत नाही. विशेषणाचे विशेषनाम झाले आहे. फलकवाल्यांची अडचण तीच असावी.