लॉजच्या वहीत पूर्वज

ब्रिटनमध्ये 1799च्या कायद्याने फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लॉजना, म्हणजे स्थानिक शाखांना, आपल्या सभासदांची यादी दरवर्षी सरकारी अधिकाऱ्याकडे देणे भाग पडले. कारण होते गुप्त कटांची भीती. फायदा झाला तो वंशावळ शोधणाऱ्यांचा! नाव, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण यांच्या या याद्या तिथल्या अनेक परगण्यांच्या अभिलेखागारांत सापडतात. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची, म्हणजे लॉजना सनद देणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची, 1751 ते 1921 या काळातली सभासद-रजिस्टरे तर ऑनलाइनही पाहता येतात. प्रवेशाची तारीख, कधी वय आणि वर्गणी थकल्याने नाव कमी केल्याचा शेराही त्यांत असतो. हा शेरा मला विशेष बोलका वाटतो. पैशाची चणचण, स्थलांतर की नुसता कंटाळा, हे मात्र जनगणना आणि मृत्युपत्रांशी ताडून ठरवावे.

आईवडिलांची नावे इथे शोधू नयेत. बायका तर जवळजवळ नाहीतच.

मुंबईकर पूर्वजांसाठी आधी लॉज कोणत्या ग्रँड लॉजखालचे, ते पाहावे. भारतीय सभासदांसाठी 1843मध्ये निघालेले ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्कॉटलंडच्या सनदेचे होते. त्यातला सभासद इंग्लंडच्या रजिस्टरांत सापडला नाही, तर नवल नाही.